जोसेफ लिस्टर
आमच्या शारजाच्या वर्गातील एका मैत्रिणीच्या आजोबांचे मोठ्या आतड्याचे ऑपरेशन झाले. आतड्यात जंतू असतातच, त्यामुळे जखम चिघळण्याची भीती होती. पण ती छान भरली. तेव्हा बाईंनी आम्हाला लिस्टर यांची गोष्ट सांगितली.

लिस्टर यांचा जन्म १८२७ साली इंग्लंडमध्ये झाला. त्या काळी सर्जन रक्ताने माखलेल्या कोटातच ऑपरेशन करीत. मग जखमेत पू होऊन अनेक रोगी दगावत. लिस्टर यांनी पाश्चर यांचे जंतूंवरील लेखन वाचले. १८६५ साली ग्लासगोत, गाडीखाली पाय मोडलेल्या ११ वर्षांच्या मुलाच्या जखमेवर त्यांनी कार्बोलिक ॲसिडची पट्टी बांधली. पाय वाचला! पुष्कळ डॉक्टर हसले, तरी त्यांनी काम सोडले नाही. १९१२ साली ते वारले.

आजोबांना भेटायला गेलो, तेव्हा आम्ही आधी हात धुतले.