छायाचित्रातला वीर आणि कोठडीतला माणूस

अमेरिकेच्या राजधानीला लागून आर्लिंग्टन येथे कांस्याचे एक प्रचंड शिल्प उभे आहे. सहा सैनिक राष्ट्रध्वज उभारत आहेत. २३ फेब्रुवारी १९४५ रोजी जपानच्या इवो जिमा बेटावर जो रोझेन्थाल या छायाचित्रकाराने टिपलेल्या जगप्रसिद्ध छायाचित्रावरून ते घडविले आहे. त्यात अगदी डावीकडे, खांबाकडे दोन्ही हात उंचावलेला जो सैनिक दिसतो, त्याचे नाव इरा हेज. १० नोव्हेंबर १९५४ रोजी राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांच्या उपस्थितीत या शिल्पाचे लोकार्पण झाले, तेव्हा इरा तेथे हजर होता. त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांनी, २४ जानेवारी १९५५ रोजी, तो आपल्या वसाहतीत एका पडक्या मातीच्या झोपडीजवळ मरून पडलेला सापडला. वय वर्षे ३२. थंडी आणि दारू हे मृत्यूचे कारण नोंदवले गेले आणि प्रकरण मिटले.

आमच्या मते हे कारण अपुरे आहे. इराला युद्धाने जखमी केले होते. ती जखम डोळ्यांना दिसत नव्हती म्हणून तिच्यावर उपचार झाले नाहीत. उलट त्या जखमेलाच गुन्हा ठरवून त्याला पुन्हा पुन्हा कोठडीत टाकले गेले. हे कसे घडले, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे.

इराचा जन्म १२ जानेवारी १९२३ रोजी ॲरिझोना राज्यातील सॅकॅटन येथे झाला. तो पिमा समाजाचा. हे अमेरिकेचे मूळ रहिवासी. गोऱ्यांनी त्यांना इंडियन हे नाव चिकटवले. ते स्वतःला नदीचे लोक म्हणवतात. हिला नदीच्या पाण्यावर कालवे काढून शेकडो वर्षे शेती करणारा हा समाज. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या गोऱ्या वाटसरूंना आणि सैन्यालाही गहू पुरवत होता तो हाच समाज. पुढे गोऱ्या वसाहतवाल्यांनी नदीच्या वरच्या अंगाला पाणी वळवून घेतले. खाली पिमांची शेते करपली आणि गहू विकणाऱ्यांवर उपासमारीची पाळी आली. ज्यांच्या बापजाद्यांना गावच्या तळ्याचे पाणी नाकारले गेले, त्यांना पाणी तोडणे म्हणजे काय हे आम्ही वेगळे सांगायला नको.

पाण्यासारखेच मताचे. १९२४ च्या कायद्याने इंडियनांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले. म्हणून हिला नदीच्या वसाहतीतील दोन पिमा मतदार यादीत नाव घालायला गेले. नकार मिळाला. प्रकरण ॲरिझोनाच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. १९२८ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की वसाहतीत राहणारे इंडियन हे सरकारच्या पालकत्वाखाली आहेत आणि राज्यघटनेप्रमाणे पालकत्वाखालील व्यक्तीला मताधिकार नाही. त्याच कलमात वेडसर व्यक्तींचाही उल्लेख होता. म्हणजे धडधाकट, शेती करणारी माणसे कायद्याच्या एका ओळीने अज्ञान ठरवली गेली. तेव्हा इरा पाच वर्षांचा होता.

असा हा तरुण २६ ऑगस्ट १९४२ रोजी मरीन दलात भरती झाला. मत द्यायला तो लायक नव्हता, मरायला लायक होता. हवाई छत्रीतून उडी मारण्याचे शिक्षण घेणारा तो पहिला पिमा. १९४३ मध्ये तो व्हेला लाव्हेला आणि बोगनव्हिल या बेटांवर लढला. इकडे त्याच्या समाजाचा विरोध डावलून सरकारने त्यांच्याच वसाहतीच्या जमिनीवर जपानी वंशाच्या तेरा हजारांवर अमेरिकन माणसांना छावणीत डांबले होते. पिमांची जमीन तुरुंगासाठी आणि पिमांचा मुलगा आघाडीसाठी, असा तो हिशेब होता.

१९ फेब्रुवारी १९४५ रोजी इवो जिमाची लढाई सुरू झाली. पाच आठवड्यांत जवळजवळ ६,८०० अमेरिकन सैनिक मेले. जपानचे सुमारे वीस हजार मेले. ध्वज उभारला गेला तो पाचव्या दिवशी. त्यानंतरही महिनाभर कत्तल चालू होती. छायाचित्रातल्या सहा जणांपैकी मायकेल स्ट्रँक, हार्लन ब्लॉक आणि फ्रँकलिन सॉस्ली हे तिघे त्याच बेटावर पडले. इरा शेवटपर्यंत लढला आणि अंगावर जखम न होता परतला. त्याच्याच सांगण्याप्रमाणे त्याच्या प्लाटूनमधल्या ४५ जणांपैकी केवळ पाच जण वाचले होते. वाचलेल्या माणसाला एक प्रश्न झोपू देत नाही. माझ्यापेक्षा चांगली माणसे गेली, मग मी का उरलो? इराला तो प्रश्न मरेपर्यंत सुटला नाही.

छायाचित्र छापून आले आणि सरकारला त्यात पैसा दिसला. युद्धकर्जाचे रोखे विकण्यासाठी त्या सैनिकांना देशभर फिरवायचे ठरले. इराने आपले नाव उघड होऊ नये म्हणून खूप प्रयत्न केले. उपयोग झाला नाही. एप्रिल १९४५ मध्ये त्याला राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्यापुढे उभे केले गेले. मग शहरामागून शहर, मिरवणुका, मेजवान्या, भाषणे. शिकागोच्या क्रीडांगणावर तर ध्वज उभारण्याचे नाटकही करवून घेतले. ज्या टेकडीच्या आठवणीने त्याचा जीव घुसमटत होता, तीच टेकडी त्याला रोज चढायला लावली. मोहिमेचे उद्दिष्ट १४ अब्ज डॉलर होते, जमा झाले २६ अब्जांवर. इरा या काळात दारूत बुडू लागला. मिरवणुकीला तो शोभेना, तेव्हा त्याला मध्येच परत तुकडीत पाठवून देण्यात आले.

याच दौऱ्यात त्याच्यावर आणखी एक ओझे लादले गेले. खांबाच्या बुडाशी वाकलेला सैनिक हार्लन ब्लॉक होता. सरकारने चुकीने दुसऱ्याच मृत सैनिकाचे नाव जाहीर केले. इराने चूक दाखवली. वरिष्ठांनी त्याला गप्प राहायला सांगितले. पाठमोऱ्या आकृतीवरून ब्लॉकच्या आईने मात्र आपला मुलगा ओळखला होता आणि तिचे कोणी ऐकत नव्हते.

१९४६ मध्ये, सैन्यातून मोकळा झाल्यावर, इरा घरातून निघाला. पायी चालत, मिळेल त्या वाहनाला हात करीत, सुमारे २,१०० किलोमीटर अंतर कापून तो टेक्सासच्या दक्षिण टोकाला वेस्लॅको गावी पोहोचला. ब्लॉकच्या वडिलांना त्यांच्या शेतात गाठून त्याने खरे काय ते सांगितले आणि परत फिरला. त्यातून चौकशी झाली आणि जानेवारी १९४७ मध्ये सरकारला चूक दुरुस्त करावी लागली. ज्याला जग दारूडा म्हणत होते, त्या माणसाने केलेले हे काम आहे. (छायाचित्रातील आणखी दोन नावे चुकीची होती, हे मरीन दलाने २०१६ आणि २०१९ मध्ये मान्य केले. इराचे नाव मात्र बरोबरच होते.)

आता त्याच्या आजाराविषयी. युद्धातून परतलेल्या काही माणसांच्या बाबतीत आठवण ही आठवण राहत नाही. ती भूतकाळात जाऊन बसत नाही, चालू वर्तमानासारखी पुन्हा पुन्हा घडते. रात्री दचकून जाग येते, फटाक्याच्या आवाजाने शरीर लढाईच्या पवित्र्यात येते, जवळच्या माणसांविषयी काही वाटेनासे होते, राग अनावर होतो, मेलेल्या साथीदारांचे अपराधीपण छातीवर बसते. झोप यावी म्हणून माणूस दारू पितो. दारूने रात्र निघते, पण झोपेचा कस जातो आणि आठवण अधिकच उफाळते. पहिल्या महायुद्धात याला तोफगोळ्याचा धक्का म्हणत, दुसऱ्या महायुद्धात लढाईचा थकवा. आघातोत्तर तणाव विकार, म्हणजे पी.टी.एस.डी., हे नाव अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आले ते १९८० मध्ये. तेही आपोआप आले नाही. व्हिएतनाम युद्धातून परतलेले सैनिक १९७० पासून एकत्र बसून बोलू लागले, काही डॉक्टर त्यांच्या बाजूने उभे राहिले, संघर्ष झाला, तेव्हा आले. तोवर इराला जाऊन २५ वर्षे झाली होती.

नाव नव्हते म्हणून इराला उपचार नव्हते. तुरुंग मात्र होता. सार्वजनिक जागी दारू प्यायल्याबद्दल त्याला पन्नासाहून अधिक वेळा अटक झाली. वकील म्हणून आम्हाला या आकड्याची लाज वाटते. प्रत्येक वेळी पोलीस होता, आरोप होता, कोठडी होती. हा माणूस दर वेळी इथे का येतो, असा साधा प्रश्न त्या यंत्रणेला पडला नाही. कारण उत्तर आधीच तयार होते. इंडियन म्हणजे दारूडा, हा गोऱ्या समाजाचा लाडका समज होता. १९५३ पर्यंत इंडियनाला दारू विकणे हा केंद्रीय कायद्यानेच गुन्हा होता, म्हणजे हा समज कायद्याच्या पुस्तकात छापलेला होता. दारू हा एखाद्या समाजाच्या रक्ताचा दोष ठरवला की तिच्या मागची जखम शोधण्याची गरज उरत नाही. आमच्या वस्त्यांबद्दल असेच कोण बोलते, हे वाचक जाणतात.

१९४९ मध्ये जॉन वेनच्या चित्रपटात इराला त्याच्या स्वतःच्याच भूमिकेत उभे केले गेले. १९५३ मध्ये सरकारच्या स्थलांतर योजनेखाली त्याला शिकागोच्या कारखान्यात नोकरी दिली गेली, म्हणजे आपल्या माणसांपासून तोडून परक्या शहरात सोडले गेले. तेथेही तो कोठडीत पोहोचला. एका वृत्तपत्राने वर्गणी गोळा केली, थोडे दिवस उपचार झाले, लॉस एंजेलिसमध्ये ड्रायव्हरची नोकरी मिळाली, पुन्हा अटक झाली. अखेर तो हिला नदीकाठी परतला. मेल्यावर आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्याला लष्करी इतमामात पुरले गेले.

इरा वाचू शकला असता का? ज्युडिथ हर्मन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी १९९२ मध्ये अशा आघातातून सावरण्याच्या तीन पायऱ्या मांडल्या. आधी सुरक्षितता, मग घडलेले सांगणे आणि गेलेल्यांचा शोक करणे, आणि नंतर माणसांशी पुन्हा नाते जोडणे. इराच्या आयुष्यावर हे ताडून पाहा. सुरक्षितता त्याला कधीच मिळाली नाही. खरे सांगण्याची त्याची धडपड वरिष्ठांनी दाबली. टेक्सासची वाट त्याने स्वतःच्या पायांनी शोधली. आणि माणसांशी नाते जोडायचे तर आधी माणूस म्हणून मान्यता लागते. ॲरिझोनात इंडियनांना मताचा हक्क मिळाला तो १९४८ मध्ये, आणि तोही युद्धातून परतलेल्या एका इंडियन सैनिकाने आपल्या सहकाऱ्यासह न्यायालयात दाद मागितली म्हणून.

पिमांच्या जुन्या रिवाजात याविषयी समज होती. लढाईत शत्रूला मारून आलेल्या योद्ध्याला ते थेट मिरवणुकीत नेत नसत. सोळा दिवस तो वेगळा राही, उपास करी, त्याची देखभाल होई आणि मगच तो गावात मिसळे. त्यातली श्रद्धा बाजूला ठेवली तरी एक शहाणपण उरते. मारून आलेला माणूस आजारी असू शकतो आणि त्याला परत आणण्याची जबाबदारी समाजाची आहे. सरकारने इराला रणांगणावरून उचलले ते थेट व्यासपीठावर बसवले.

आज उपचार आहेत. आठवणीला जपून, टप्प्याटप्प्याने सामोरे नेणाऱ्या, अपराधीपणाचे विचार तपासायला शिकवणाऱ्या पद्धती आहेत, औषधे आहेत, माजी सैनिकांचे गट आहेत. पुष्कळ जण बरे होतात, उरलेल्यांचे जगणे सुसह्य होते. दारू आणि आघात या दोहोंवर एकत्र उपचार करता येतात.

हे सारे आम्ही दूरच्या अमेरिकेची गोष्ट म्हणून सांगत नाही. बाबासाहेबांचे वडील सुभेदार होते. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हापासून आमच्या घराघरांतून मुले सीमेवर गेली. सन्मानाने परतलेल्यांचे सत्कार आपण करतो. पण जो परतल्यावर बोलत नाही, रात्री ओरडत उठतो, पितो, त्याला आपण काय म्हणतो? फौजी बिघडला, असे म्हणून आपणही पोलिसांसारखेच वागतो. त्याची बायको आणि मुले ते एकटी सोसतात.

कायदा आज त्याच्या बाजूने थोडा तरी आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी यंत्रणेकडून उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे आणि कोणाच्या सामाजिक वा आर्थिक स्थितीवरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही, असेही म्हटले आहे. भरतीच्या वेळी नोंद नसलेला आणि सेवाकाळात उद्भवलेला आजार सेवेमुळेच झाला असे गृहीत धरावे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंह प्रकरणात मांडले. अपंगत्व पेन्शन नाकारली गेली तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाची दारे ठोठावता येतात. पण त्यासाठी कागद लागतो, डॉक्टरची नोंद लागते आणि आजाराला आजार म्हणणारे घर लागते. म्हणून आमची प्रत्येक विहाराच्या, प्रत्येक माजी सैनिक संघटनेच्या कार्यकर्त्यांना विनंती आहे. आपल्या वस्तीतला असा माणूस शोधा. त्याला शौर्यकथा विचारू नका, दारूवरून प्रवचनही देऊ नका. त्याच्याजवळ बसा, त्याच्या बायकोचे ऐकून घ्या, सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात त्याच्याबरोबर जा आणि त्याचे सेवेचे कागद जपून ठेवायला सांगा. इरा हेजला त्याच्या देशाने हे कधीच दिले नाही. आपल्या माणसाला ते मिळवून देणे आपल्या हातात आहे.