जॉन होल्ट

जॉन कॅल्डवेल होल्ट (१४ एप्रिल १९२३, न्यू यॉर्क – १४ सप्टेंबर १९८५, बॉस्टन) हे अमेरिकन शिक्षक, लेखक आणि गृहशिक्षण चळवळीचे एक प्रमुख प्रवर्तक होते. मुलांना शाळेत न पाठवता, ठरावीक अभ्यासक्रम, वेळापत्रक व परीक्षा यांच्या बंधनाविना, त्यांच्या जिज्ञासेच्या ओघाने शिकू द्यावे, या विचाराला त्यांनी ‘अनस्कूलिंग’ हे नाव दिले. हा विचार त्यांनी कोणत्याही तत्त्वज्ञानाच्या ग्रंथातून घेतला नव्हता. सुमारे चौदा वर्षे वर्गात वावरताना मुलांचे जे निरीक्षण त्यांनी केले, त्यातून तो हळूहळू आकाराला आला. आरंभी ते शाळा सुधारू पाहणारे शिक्षक होते. शाळेला पर्याय शोधण्याकडे ते वयाच्या पन्नाशीत वळले.

पूर्वायुष्य

होल्ट यांचा जन्म न्यू यॉर्क येथील एका सुखवस्तू कुटुंबात झाला. तीन भावंडांत ते थोरले. त्यांना दोन धाकट्या बहिणी होत्या. त्यांचे शिक्षण नामांकित खासगी शाळांत आणि पुढे येल विद्यापीठात झाले. तेथून १९४३ मध्ये त्यांनी औद्योगिक अभियांत्रिकीशी संबंधित विषयात पदवी घेतली. उत्तरायुष्यात मात्र आपण कोणत्या शाळा-महाविद्यालयांत शिकलो हे सांगण्याचे ते टाळत. आपल्याला जे काही खरोखर येते त्यातले बहुतेक आपण शाळेबाहेर शिकलो, असे त्यांचे म्हणणे असे. अध्यापनशास्त्राची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही.

दुसऱ्या महायुद्धात त्यांनी अमेरिकन नौदलात तीन वर्षे सेवा केली. त्यांपैकी काही काळ ते ‘बार्बेरो’ या पाणबुडीवर अधिकारी होते. पाणबुडीवर प्रत्येकाला गुंतागुंतीची कामे थोड्या अवधीत शिकावी लागत, आणि ती शिकवण्यासाठी वेगळा वर्ग भरत नसे. जाणत्याच्या शेजारी राहून, काम करता करता माणसे शिकत. शिकण्याचे ठिकाण म्हणून त्या पाणबुडीचा उल्लेख होल्ट पुढे अनेकदा आदराने करीत.

अणुबाँबच्या वापरानंतर जगाला टिकायचे असेल तर एक जागतिक शासन हवे, अशी त्यांची धारणा झाली. या ध्येयासाठी झटणाऱ्या ‘युनायटेड वर्ल्ड फेडरॅलिस्ट्स’ या संघटनेत त्यांनी काही वर्षे काम केले व तिच्या न्यू यॉर्क राज्य शाखेचे कार्यकारी संचालकपद सांभाळले. संघटनेच्या कार्यातून फारसे काही साधत नाही असे वाटू लागल्यावर १९५२ मध्ये ते बाहेर पडले आणि सुमारे वर्षभर युरोपात हिंडले.

अध्यापन

शिक्षकी पेशात होल्ट जवळजवळ योगायोगाने आले. युरोपातून परतल्यावर ते न्यू मेक्सिकोत राहणाऱ्या बहिणीकडे गेले. कोलोरॅडो राज्यात नुकत्याच निघालेल्या ‘कोलोरॅडो रॉकी माउंटन स्कूल’ या निवासी शाळेत काम करण्याचे तिने सुचवले. शाळेत शिक्षकाची जागा रिकामी नव्हती. तेव्हा जेवणखाण व निवासाच्या मोबदल्यात पडेल ते काम करीत ते तेथे राहिले आणि जागा निघताच शिकवू लागले. चार वर्षांनी, १९५७ मध्ये, ते बॉस्टनला आले. पुढील काळात त्यांनी त्या परिसरातील निरनिराळ्या खासगी शाळांत प्रामुख्याने पाचवीच्या वर्गांना शिकवले. शिकवण्याच्या पद्धतीवरून व्यवस्थापनाशी त्यांचे खटके उडत. एका शाळेने त्यांना सेवेतून कमी केले.

याच काळात बिल हल या सहकारी शिक्षकाबरोबर त्यांनी एक साधा प्रयोग सुरू केला. एकाने शिकवायचे आणि दुसऱ्याने वर्गात बसून, शिक्षकाकडे न पाहता, मुलांकडे पाहायचे. फळ्यापाशी उभ्या असलेल्या शिक्षकाला जे कधीच दिसत नाही, ते या बाकावरून दिसू लागले. विचारलेल्या प्रश्नाचा विचार फार थोडी मुले करीत होती. बाकीची आपल्यावर पाळी येऊ नये, आणि आलीच तर सुटका कशी करून घ्यावी, याच्या खटपटीत होती. कोणी उत्तर पुटपुटे, म्हणजे शिक्षक आपल्याला हवे तेच ऐकतील. कोणी शिक्षकाच्या चेहऱ्यावर नजर ठेवी. शब्दांची नाम, विशेषण व क्रियापद अशी वर्गवारी फळ्यावर चाललेली असताना शिक्षिकेचे शरीर नकळत योग्य रकान्याकडे झुके, आणि तेवढ्यावरून मुले अचूक उत्तर देत. व्याकरण न कळताही धडा यशस्वी होई.

होल्ट यांनी नोंदवलेले आणखी एक उदाहरण शिक्षकांच्या प्रशिक्षणात आजही उपयोगी पडावे असे आहे. एक ते दहा हजार यांमधील मनात धरलेली संख्या प्रश्न विचारून ओळखण्याचा खेळ ते वर्गात घेत. संख्या पाच हजारांच्या वर आहे का, या प्रश्नाला होकार मिळाला की मुले आनंदाने ओरडत आणि नकार मिळाला की हिरमुसत. वास्तविक दोन्ही उत्तरांनी मिळणारी माहिती सारखीच. परंतु नकार म्हणजे चूक आणि चूक म्हणजे नामुष्की, ही गाठ त्यांच्या मनात इतकी घट्ट बसली होती की खेळातही ती सुटत नव्हती.

या नोंदी होल्ट सहकाऱ्यांना पत्ररूपाने लिहीत असत. त्यांतूनच १९६४ मध्ये ‘हाऊ चिल्ड्रन फेल’ म्हणजे ‘मुले अपयशी कशी होतात’ हे पुस्तक तयार झाले. मुलांच्या अपयशाचे कारण बुद्धीच्या उणिवेत किंवा आळसात नसून भीतीत आहे, आणि ती भीती शाळा स्वतःच निर्माण करते, हे या पुस्तकाचे मुख्य प्रतिपादन होते. यात त्यांनी दोष दुष्ट वा निष्काळजी शिक्षकांवर ढकलला नाही. हे सारे घडत होते ते चांगल्या, सुसज्ज शाळांत, मुलांवर माया करणाऱ्या शिक्षकांच्या वर्गात. त्यात होल्ट यांचा स्वतःचा वर्गही आला. पुस्तक अमेरिकेत व अमेरिकेबाहेर मोठ्या प्रमाणावर वाचले गेले.

१९६७ मध्ये ‘हाऊ चिल्ड्रन लर्न’ म्हणजे ‘मुले कशी शिकतात’ हे दुसरे पुस्तक आले. त्यात शाळेत जाण्याच्या वयाआधीच्या मुलांचे निरीक्षण आहे. तान्ही मुले मातृभाषा शिकतात ती कोणत्याही पाठाविना, असंख्य चुका करीत, त्या स्वतःच दुरुस्त करीत. हेच बोलणे शाळेच्या पद्धतीने, आधी वर्ण, मग अक्षरे, मग शब्द, असे टप्प्याटप्प्याने शिकवले असते तर पुष्कळ मुले मुकी राहिली असती, असा त्यांचा युक्तिवाद होता. होल्ट आपला चेलो हे तंतुवाद्य मुलांच्या हाती देत आणि काही न सांगता पाहत बसत. गज कसा धरावा हे विचारण्यासाठी मूल थांबत नसे. ते आधी जोरजोराने वाजवून पाही, सगळ्या तारा छेडी, आणि त्या गोंगाटातून त्याला हळूहळू काही संगती सापडू लागे. मोठा माणूस मात्र वाद्य हाती घेताच ते कसे वाजवायचे असे विचारतो, हा फरक त्यांना महत्त्वाचा वाटला.

सुधारणेकडून पर्यायाकडे

या दोन पुस्तकांमुळे होल्ट यांना व्याख्यानांची निमंत्रणे येऊ लागली. हार्वर्ड व कॅलिफोर्निया (बर्कली) या विद्यापीठांत ते अभ्यागत व्याख्याते होते. ‘द अंडरअचीव्हिंग स्कूल’ (१९६९) आणि ‘व्हॉट डू आय डू मंडे?’ (१९७०) ही या काळातील पुस्तके शाळांतच बदल घडवू इच्छिणाऱ्या शिक्षकांना उद्देशून आहेत.

१९७० च्या सुमारास मेक्सिकोतील कुएर्नावाका येथे इव्हान इलिच यांच्या केंद्रात होल्ट यांनी चर्चांत भाग घेतला. शाळा ही संस्थाच समाजातील विषमता टिकवून धरते, हे इलिच यांचे मत त्यांना बऱ्याच अंशी पटले. ‘फ्रीडम अँड बियॉन्ड’ (१९७२) मध्ये त्याचा प्रभाव दिसतो. दारिद्र्य हटवण्याचे काम शाळांवर सोपवल्याने दारिद्र्य हटत नाही, उलट गरिबांच्या माथी नापासाचा शिक्का बसतो, असे त्यांनी त्यात मांडले. ‘एस्केप फ्रॉम चाइल्डहूड’ (१९७४) हे त्यांचे सर्वांत वादग्रस्त पुस्तक. मतदान, मोबदल्याचे काम, मालमत्ता बाळगणे, स्वतःचा पालक निवडणे हे हक्क कोणत्याही वयाच्या व्यक्तीस असावेत, ही त्यातील मागणी त्यांच्या चाहत्यांनाही पेलली नाही.

दरम्यान अमेरिकेतील मुक्त शाळांची लाट ओसरू लागली होती. बहुसंख्य पालकांना व शिक्षकांना शाळा बदललेली नकोच आहे, असे होल्ट यांचे मत होत गेले. ‘इन्स्टेड ऑफ एज्युकेशन’ (१९७६) मध्ये त्यांनी, दक्षिणेकडील गुलामांना गुप्त मार्गांनी मुक्त प्रांतांत पोहोचवणाऱ्या एकोणिसाव्या शतकातील यंत्रणेचा दाखला देऊन, शाळांतून मुलांची सुटका करणारी तशीच यंत्रणा उभारण्याची कल्पना मांडली. त्यावर काही पालकांची पत्रे आली. आपण आपल्या मुलांना घरीच शिकवत आहोत, काहीजण तर शेजाऱ्यांपासूनही ते लपवून ठेवत आहेत, असे त्यांत लिहिले होते. सुटकेचा मार्ग काही कुटुंबांनी आधीच शोधला होता.

‘ग्रोइंग विदाउट स्कूलिंग’

या विखुरलेल्या कुटुंबांना जोडण्यासाठी होल्ट यांनी ऑगस्ट १९७७ मध्ये बॉस्टनहून ‘ग्रोइंग विदाउट स्कूलिंग’ म्हणजे ‘शाळेविना वाढताना’ हे नियतकालिक सुरू केले. बारीक टंकातील दाट मजकूर असलेल्या या पत्रिकेचा मोठा भाग वाचकांच्या पत्रांनी व्यापलेला असे. मूल सात-आठ वर्षांचे होईपर्यंत वाचायला न लागल्याची काळजी, नंतर त्याने काही महिन्यांत आपण होऊन वाचू लागणे, स्वयंपाकघरातील मापांतून अपूर्णांक कळणे, आजोबांचा आक्षेप, शाळाधिकाऱ्यांची नोटीस, असे सारे त्यात येई. कुटुंबांची पत्तेसूची छापली जाई.

होल्ट यांच्या कल्पनेतील अनस्कूलिंग म्हणजे घरात भरवलेली शाळा नव्हे. फळा, तासिका, घटक चाचणी हे सारे दिवाणखान्यात आणल्याने काही साधत नाही, उलट आईबापच मुलाला परीक्षक वाटू लागतात, असे ते बजावत. त्यांच्या मते मोठ्यांनी मुलाला आपल्या खऱ्या कामांत व जगात वावरू द्यावे, विचारले तेवढे सांगावे, हवी ती पुस्तके व साधने हाताशी ठेवावीत आणि न विचारता परीक्षा घेऊ नये. मुलाकडे दुर्लक्ष करणे असा याचा अर्थ होत नाही. शाळेत पाठवण्यापेक्षा यात पालकांचा वेळ अधिकच जातो.

कायद्याची बाजूही त्यांनी तितक्याच बारकाईने सांभाळली. मॅसॅच्युसेट्स राज्यात १८५२ पासून सक्तीच्या शिक्षणाचा कायदा होता, आणि मुलाला घरी ठेवणाऱ्या पालकांवर खटला भरला जाण्याची भीती खरी होती. १९७८ मध्ये त्याच राज्यातील अ‍ॅमहर्स्ट येथील एका कुटुंबाच्या खटल्यात न्यायालयाने घरी शिकवण्याचा पालकांचा हक्क मान्य केला. या निकालाची माहिती होल्ट यांनी वाचकांपर्यंत पोहोचवली. अधिकाऱ्यांशी भांडण न उकरता शिक्षणाची सविस्तर लेखी योजना सादर करावी, असा त्यांचा सल्ला असे. ‘टीच युवर ओन’ (१९८१) या पुस्तकात हे सर्व एकत्र आले. त्याच वर्षाच्या अखेरीस फिल डोनाह्यू यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात ते एका गृहशिक्षण घेणाऱ्या कुटुंबासह आले, आणि त्यानंतर त्यांच्या कार्यालयात हजारो पत्रे आली. अमेरिकेत गृहशिक्षण वाढले त्यात धार्मिक कारणांनी शाळा सोडणाऱ्यांचा वाटा मोठा होता. त्यांची मते होल्ट यांच्याहून फार वेगळी असली तरी हक्काच्या प्रश्नावर त्यांनी अशा गटांशी सहकार्य केले.

आक्षेप व पुनर्विचार

शाळेबाहेरचे शिक्षण वेळ, पुस्तके आणि सुशिक्षित आईबाप ज्यांच्यापाशी आहेत त्यांनाच परवडते, हा होल्ट यांच्यावरील सर्वांत गंभीर आक्षेप आहे. घरी राहून हा भार वाहणारी व्यक्ती बहुधा आईच असते, हा दुसरा. सामान्य पालकही हे करू शकतात, त्यासाठी पदवी लागत नाही, असे उत्तर ते देत. अनेक कुटुंबांची पत्रे त्याला आधार देतात, पण ज्या घरात दोघांनाही रोजगारासाठी बाहेर पडावे लागते तेथे हे उत्तर अपुरे पडते.

स्वतःच्या जुन्या लेखनाची परीक्षा त्यांनी कठोरपणे केली. पहिल्या दोन पुस्तकांच्या सुधारित आवृत्त्या १९८२ व १९८३ मध्ये निघाल्या. त्यांत मूळ मजकूर तसाच ठेवून त्याच्या जोडीने त्यांनी नव्या टिपा लिहिल्या. बेल्जियन शिक्षक जॉर्ज क्विझनेर यांनी गणितासाठी तयार केलेल्या रंगीत लाकडी कांड्यांचा पहिल्या आवृत्तीत मोठा गौरव होता. नव्या टिपांत ते लिहितात की शिक्षकांना संख्या आधीच येत होत्या म्हणून कांड्यांत त्यांना संख्यांची रचना दिसली. ज्या मुलांना संख्या उमगल्या नव्हत्या त्यांना त्या केवळ लाकडाच्या कांड्याच होत्या. मुलांच्या विचारात डोकावण्यासाठी आपण विचारलेले प्रश्नही त्यांना भीतीच घालत होते, हेही त्यांनी मान्य केले.

उत्तरायुष्य

होल्ट आजन्म अविवाहित राहिले. चेलो त्यांनी चाळिशीत शिकायला घेतला. प्रौढपणी वाद्य शिकण्याच्या या अनुभवावर ‘नेव्हर टू लेट’ (१९७८) हे पुस्तक आहे. कर्करोगाने १४ सप्टेंबर १९८५ रोजी बॉस्टन येथे वयाच्या ६२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ‘लर्निंग ऑल द टाइम’ हे पुस्तक सहकाऱ्यांनी त्यांच्या लेखनातून सिद्ध करून १९८९ मध्ये प्रकाशित केले. त्यांचे नियतकालिक २००१ पर्यंत चालू राहिले. तोवर अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत गृहशिक्षण कायदेशीर झाले होते, मात्र नोंदणी व तपासणीचे नियम राज्यागणिक भिन्न आहेत.

भारतात होल्ट यांचे विचार प्रामुख्याने शिक्षणविषयक स्वयंसेवी संस्थांमार्फत पोहोचले. भोपाळच्या ‘एकलव्य’ संस्थेने त्यांच्या पहिल्या पुस्तकाचा हिंदी अनुवाद प्रकाशित केला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वयोगटासाठी मोफत व सक्तीचे शिक्षण लागू केले. त्यात गृहशिक्षणाचा स्पष्ट उल्लेख नाही. घरी शिकणारी काही भारतीय मुले दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या परीक्षेला बसतात.