नाथ महाराज काशीला गेले तेव्हा

आमचं शिक्षण चौथी. दिंडीच्या शंभर वर्षांच्या पुस्तकात नाथ महाराजांवर लिहा, अशी मंडळींची आज्ञा झाली. कीर्तनात सांगतो तसंच लिहितो.

नाथ पैठणचे. हंपीहून पांडुरंग परत आणणारे भानुदास महाराज त्यांचे पणजोबा. आईबाप लहानपणीच गेले, आजोबा चक्रपाणींनी वाढवलं. पोरवयातच ते देवगिरीला जनार्दनस्वामींपाशी गेले. स्वामी किल्ल्याचे अधिकारी. सांगतात की, एकदा स्वामी ध्यानात असताना शत्रू चालून आला. नाथांनी गुरूंना उठवलं नाही. त्यांचं चिलखत अंगावर चढवलं, शत्रू परतवला, चिलखत जागेवर ठेवलं आणि आपल्या कामाला लागले.

लढाईचं भय एका दिवसाचं. गावाचं भय रोजचं. श्राद्धाचा स्वयंपाक नाथांनी अस्पृश्य मानलेल्या भुकेल्या माणसांना जेवू घातला, तेव्हा पैठणचे ब्राह्मण बिथरले. वाळीत पडणं म्हणजे काय ते जुन्या माणसांना विचारा. पाणी बंद, सोयरीक बंद, मर्तिकाला खांदा नाही. ही कथा सांगताना आपण गिरिजाबाईंना विसरतो. पहिला स्वयंपाक वाटल्यावर दुसऱ्यांदा चूल त्या माउलीनंच पेटवली.

पुढं नाथांनी भागवताच्या अकराव्या स्कंधावर मराठीत टीका लिहायला घेतली. पाच अध्याय पैठणला झाले. त्यातले काही काशीला पोचले आणि तिथले पंडित रागावले. देवाचं गुह्य प्राकृतात कसं आणलं, म्हणून बोलावणं आलं. आता बघा, काशी म्हणजे महिन्यांची पायवाट. न जावं तर ग्रंथ बुडाला, जावं तर परक्या मुलखात एकट्यानं उभं राहायचं. नाथ गेले. भांडले नाहीत, अन् माफी मागून ग्रंथही टाकला नाही. वाचून दाखवत राहिले आणि उरलेले अध्याय तिथंच बसून लिहिले. शके १४९५, म्हणजे सन १५७३, कार्तिकी पौर्णिमेला ३१ अध्याय काशीतच पुरे झाले. ज्यांनी जाब विचारला त्यांनीच ग्रंथ हत्तीवरून मिरवला, असं सांगतात.

आम्हालाही एका गावात सांगितलं होतं, ती श्राद्धाची कथा नको, लोक दुखावतात. आम्ही गाळली. बिदागी मिळाली, जेवणही झकास झालं; रात्री झोप काही आली नाही. दुसऱ्या वर्षी सांगितली, तर त्या गावचं आवतण पुन्हा आलं नाही.

घरचा दाब मात्र वेगळाच. नाथांचा मुलगा हरिपंडित संस्कृतात पारंगत. बापाचं मराठी पुराण आणि परान्न घेणं त्याला पटेना, म्हणून तो काशीला निघून गेला. नाथ त्याला आणायला गेले. त्यानं अट घातली, मराठी पुराण बंद, परान्न बंद. नाथांनी मान्य केली! काशीपुढं न वाकलेला माणूस लेकापुढं वाकला. आम्हाला हे अजून पुरतं उलगडत नाही; बापाचं काळीज म्हणावं. हरिपंडितांच्या पुराणाला श्रोते कमी कमी होत गेले. पुढं एका म्हातारीकडं सहस्रभोजनाच्या संकल्पाचं जेवण नाथ जेवले. हरिपंडितांनी त्यांची पत्रावळ उचलली, तर खाली दुसरी, तिच्याखाली तिसरी, अशा हजार निघाल्या. त्यांनी बापाचे पाय धरले. वाड्यात पुन्हा मराठी पुराण सुरू झालं.

शके १५२१ च्या फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी गोदावरीत देह ठेवला. त्या दिवशीही वाळवंटात कीर्तन झालं, म्हणतात.