संत फिलिप नेरी : ज्यांचे हिंदुस्थान रोममध्येच होते

६ मे १५२७ रोजी सम्राट पाचव्या चार्ल्सचे पगार थकलेले सैन्य रोमचा तट ओलांडून शहरात घुसले. अनेक दिवस लूट आणि कत्तल चालली. चर्चमधील सोन्याचांदीची पात्रे गेली, मठ उद्ध्वस्त झाले. पोप सातवे क्लेमंट सांत आंजेलोच्या किल्ल्यात अडकून पडले. हा रोमच्या पापांचाच दंड आहे, असे त्या काळी कित्येकांनी मानले. तसे मानण्यास कारणेही होती. धर्मपदांची खरेदी-विक्री होत असे, कार्डिनल राजेरजवाड्यांच्या थाटात राहत आणि आपल्या धर्मप्रांतात कधी पाऊलही न टाकणारे बिशप त्याचे उत्पन्न मात्र खात. देवाच्या नावावर उभे असलेले ते शहर देवालाच विसरले होते.

या घटनेला जेमतेम सात वर्षे होत असताना फ्लॉरेन्सचा एक तरुण पायी रोमला आला. त्याच्यापाशी ना पैसा होता, ना पद, ना कुणाचे शिफारसपत्र. पुढे साठ वर्षे तो या शहराबाहेर फारसा गेला नाही. त्याच्या मृत्यूच्या वेळी शहराची रीतच पुष्कळशी पालटली होती आणि रोमकर त्याला रोमचा दुसरा प्रेषित म्हणू लागले होते. ते संत फिलिप नेरी.

फिलिप यांचा जन्म जुलै १५१५ मध्ये फ्लॉरेन्समध्ये झाला. वडील फ्रान्चेस्को दस्तऐवज लिहिण्याचा व्यवसाय करीत. घरची स्थिती बेताची होती आणि आई लवकरच निवर्तली. सान मार्को मठातील डोमिनिकन संन्याशांकडून फिलिप यांना धर्माचे पहिले धडे मिळाले. हा मठ साधासुधा नव्हता. फ्लॉरेन्सला पश्चात्तापाच्या मार्गावर आणण्यासाठी झटलेले जिरोलामो साव्होनारोला याच मठाचे प्रमुख होते. त्यांच्या प्रवचनांनी सारे शहर हादरून गेले होते. १४९७ च्या कार्निव्हलमध्ये आरसे, गंजिफा, मुखवटे, दागिने आणि चित्रे यांची भर चौकात होळी झाली होती. वर्षभरातच वारे फिरले आणि २३ मे १४९८ रोजी त्याच चौकात साव्होनारोलांना फाशी देऊन त्यांचे शव जाळण्यात आले.

फिलिप यांनी साव्होनारोलांविषयीचा आदर आयुष्यभर जपला. शहराने बदलले पाहिजे, ही तळमळ त्यांनी सान मार्कोतूनच घेतली. मार्ग मात्र त्यांनी सर्वस्वी वेगळा धरला. भीतीने लोटलेला जमाव एका रात्रीत पश्चात्ताप करतो आणि दुसऱ्या रात्री तो विसरतोही, हे त्यांच्या जन्मगावानेच दाखवून दिले होते.

वयाच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास त्यांना सान जेर्मानो येथे एका नातलग व्यापाऱ्याकडे पाठविण्यात आले. त्याला मूलबाळ नव्हते, त्यामुळे सारी मालमत्ता फिलिप यांच्याकडे येणार होती. ती संधी सोडून ते रोमला निघाले. तेथे गालेओत्तो काच्चा या फ्लॉरेन्सच्याच गृहस्थाने त्यांना एक लहानशी खोली दिली. त्याच्या दोन मुलांना ते शिकवीत आणि त्यावर आपला निर्वाह करीत. काही वर्षे त्यांनी तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र यांचा अभ्यास केला, मग पुस्तके विकून टाकली. दिवसा ते इस्पितळांत रुग्णांची सेवा करीत आणि रात्री शहराबाहेरील आदिख्रिस्ती लोकांच्या भूमिगत दफनभूमीत प्रार्थनेला बसत. १५४४ च्या पेंटेकॉस्टच्या सुमारास तेथेच त्यांना ईश्वरी प्रेमाचा असा प्रखर अनुभव आला की पुढे आयुष्यभर त्यांचे हृदय जोराने धडधडत राहिले. मृत्यूनंतर वैद्यांनी शव तपासले, तेव्हा हृदयाजवळच्या दोन बरगड्या बाहेरच्या बाजूस वाकलेल्या आढळल्या.

या काळात ते धर्मगुरू नव्हते. रस्त्यावर, दुकानांत, सावकारी पेढ्यांवर भेटणाऱ्या तरुणांशी ते गप्पा मारीत आणि बोलता बोलता चांगल्या कामाला सुरुवात केव्हा करायची, असे सहज विचारून जात. उपदेशाचा आव त्यात नसे. प्रश्न ऐकून हसणारे काही तरुण दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर इस्पितळात दिसत. १५४८ मध्ये त्यांनी आपले आध्यात्मिक गुरू पेर्सियानो रोझा यांच्यासह गरीब यात्रेकरूंची सेवा करणारी एक बंधुसभा स्थापन केली. १५५० च्या पवित्र वर्षात देशोदेशींहून थकून आलेल्या यात्रेकरूंना जेवण, निवारा आणि पाय धुण्यासाठी पाणी देण्याचे काम या सभेने केले. इस्पितळातून बाहेर पडलेल्या पण अजून अशक्त असलेल्या रुग्णांची जबाबदारीही तिने पुढे उचलली.

गुरूंच्या आज्ञेवरून, काहीशा नाखुषीनेच, २३ मे १५५१ रोजी फिलिप यांनी धर्मगुरूपदाची दीक्षा घेतली. सान जिरोलामो देल्ला कारिता या चर्चमध्ये ते राहू लागले आणि त्यांच्या आयुष्याचे खरे कार्य सुरू झाले. ते म्हणजे कबुली ऐकणे. गोव्यातील ख्रिस्ती घरांत ज्याला कुमसार म्हणतात, तो हा संस्कार. त्या काळी बहुतेक लोक वर्षातून एकदा, रीत म्हणून, तो उरकत. फिलिप पहाटेपासून दुपारपर्यंत त्यासाठी बसत. त्यांच्या खोलीचे दारही सदैव उघडे असे. कारागीर, दरबारी, सराफ, कार्डिनल असे सगळेच तेथे येत. आपले पाप ऐकून हा माणूस दचकणार नाही आणि आपल्याला झिडकारणारही नाही, याची खात्री पटली की लोक पुन्हा येत. क्षमा ही वर्षाकाठी भरायची पट्टी न राहता रोजच्या जगण्याचा आधार झाली.

क्षमा सहज मिळत असली, तरी ती स्वस्त नव्हती. फिलिप यांनी सांगितलेली प्रायश्चित्ते शरीराला नव्हे, तर अहंकाराला झोंबणारी असत. अंगाला टोचणारे केसाळ वस्त्र घालण्याची परवानगी मागणाऱ्या एकाला त्यांनी ते कपड्यांवरून, सर्वांना दिसेल असे घालायला लावले. कुटाळक्या करणाऱ्या एका बाईची गोष्ट तर रोममध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. तिला कोंबडीची पिसे उपटीत रस्त्याने येण्यास सांगून नंतर ती सारी पिसे पुन्हा गोळा करून आणण्याची आज्ञा त्यांनी केली. तोंडातून सुटलेल्या शब्दांचेही तसेच असते, हे तिला वेगळे समजावून सांगण्याची गरज उरली नाही. ते स्वतःचीही अशीच फजिती करून घेत. लोक आपल्याला संत समजू लागले की ते अर्धी दाढी काढून मिरवत किंवा थोर पाहुण्यांसमोर विनोदाची पुस्तके वाचवून घेत.

याच सुमारास, १५५७ च्या आसपास, त्यांच्या आयुष्याला वेगळे वळण मिळू पाहत होते. पूर्वेकडून संत फ्रान्सिस झेवियर यांची पत्रे युरोपात येत आणि फिलिप यांच्या मंडळीत ती वाचली जात. गोवे, मासेमारी किनारा, मलाक्का आणि जपान येथील हकिकती ऐकून फिलिप भारावून गेले. आपल्या काही सोबत्यांसह हिंदुस्थानात जाऊन तेथेच देह ठेवावा, असे त्यांनी मनाशी ठरविले. निर्णयापूर्वी त्यांनी त्रे फोंताने येथील एका सिस्टर्शियन साधूचा सल्ला घेतला. त्या साधूने त्यांना कळविले की त्यांचे हिंदुस्थान रोममध्येच आहे. फिलिप यांनी तो शब्द मानला आणि प्रवासाचा विचार कायमचा सोडून दिला. समुद्रापलीकडील अनोळखी लोकांना धर्म सांगण्यापेक्षा धर्म पाठ असलेल्या शहराला तो आचरणात आणायला लावणे अधिक अवघड होते.

दुपारच्या वेळी त्यांच्या खोलीत जमणारी मंडळी वाढत गेली, म्हणून चर्चच्या वरच्या भागात एक प्रार्थनागृह तयार केले गेले. इटालियन भाषेत त्याला ओरातोरिओ म्हणत. तेथे वाचन होई, चर्चा होई, गृहस्थाश्रमी माणसेही सोप्या भाषेत बोलत आणि भजने गायिली जात. संगीतकार जोव्हान्नी आनिमुच्चा यांनी या मंडळीसाठी भजने रचली. ओरातोरिओ या पाश्चात्त्य संगीतप्रकाराचे नाव याच प्रार्थनागृहावरून पडले. गोव्याप्रमाणे रोमलाही कार्निव्हलचे वेड होते. साव्होनारोलांप्रमाणे फिलिप यांनी त्याची होळी केली नाही. त्या दिवसांत त्यांनी सात मुख्य चर्चची पदयात्रा काढली. वाटेत गाणी असत, एखाद्या बागेत सर्वांची पंगत बसे आणि मग पुढची वाट धरली जाई.

एवढे लोक एका साध्या धर्मगुरूमागे चालताना पाहून संशयही जागा झाला. तो काळ पोप चौथे पॉल यांचा होता. १५५५ मध्ये त्यांनी रोममधील ज्यूंना तटबंद वस्तीत कोंडले होते, इन्क्विझिशनचा दरारा वाढविला होता. १५६० मध्ये पोर्तुगीज इन्क्विझिशनचे न्यायासन गोव्यातही बसले. शहर शुद्ध करण्याचा तोही एक मार्ग मानला जात होता आणि त्याने अनेकांची आयुष्ये चिरडली. १५५९ मध्ये फिलिप यांच्यावरही नवा पंथ काढत असल्याचा आरोप आला. पोपच्या प्रतिनिधीने त्यांना कठोर शब्दांत झापले, काही दिवस कबुली ऐकण्यास मनाई केली आणि पदयात्राही बंद पाडल्या. फिलिप यांनी वाद घातला नाही की अनुयायांना चिथावले नाही. ते गप्प राहिले. चौकशीत काही निष्पन्न न झाल्याने थोड्याच काळात बंदी उठली. आपल्यावर अन्याय करणाऱ्यांविषयी त्यांनी कधी कटू शब्द उच्चारला नाही.

१५ जुलै १५७५ रोजी पोप तेराव्या ग्रेगरींनी त्यांच्या मंडळीला मान्यता दिली आणि सांता मारिया इन व्हालिचेल्ला हे जीर्ण चर्च तिच्या हवाली केले. त्या जागी उभे राहिलेले नवे चर्च आजही रोममध्ये किएझा नुओव्हा, म्हणजे नवे चर्च, याच नावाने ओळखले जाते. या मंडळीतील धर्मगुरू संन्याशांसारख्या शपथा घेत नाहीत. परस्परांवरील प्रेम हेच त्यांना बांधून ठेवणारे सूत्र, असा फिलिप यांचा आग्रह होता. त्यांचे शिष्य चेझारे बारोनियो यांनी त्यांच्याच आज्ञेवरून चर्चचा बारा खंडांचा इतिहास लिहिला. एवढ्या विद्वानालाही मंडळीच्या स्वयंपाकघरात पाळीने राबावे लागे.

क्षमेवरील फिलिप यांच्या श्रद्धेची शेवटची कसोटी राजकारणात लागली. फ्रान्सचा राजा चौथा हेन्री प्रॉटेस्टंट पंथ सोडून १५९३ मध्ये कॅथलिक झाला होता. त्याचा पश्चात्ताप खरा की सिंहासनासाठी केलेला बहाणा, या शंकेने पोप आठवे क्लेमंट त्याला पापमुक्त करण्यास कचरत होते. स्पेनचा दबावही मोठा होता. फ्रान्समध्ये यादवी पुन्हा भडकण्याचा धोका फिलिप यांना दिसत होता. बारोनियो तेव्हा पोपचे कबुलीगुरू होते. पोप हेन्रीला क्षमा करीत नसतील, तर बारोनियो यांनी पोपची कबुली ऐकण्याचे नाकारावे, असा सल्ला फिलिप यांनी दिल्याचे त्यांचे चरित्रकार सांगतात. सप्टेंबर १५९५ मध्ये हेन्रीला क्षमा मिळाली. ती पाहण्यास फिलिप मात्र हयात नव्हते. २५ मे १५९५ चा सारा दिवस भेटीगाठींत आणि कबुली ऐकण्यात घालवून २६ मेच्या पहाटेपूर्वीच त्यांनी देह ठेवला होता.

१२ मार्च १६२२ रोजी रोममध्ये पाच जणांना एकाच वेळी संतपद जाहीर झाले. त्यांत फ्रान्सिस झेवियर होते आणि फिलिप नेरीही होते. एक हिंदुस्थानात आले, दुसरे येता येता राहिले. तरीही फिलिप यांचा मार्ग पुढे गोव्यात पोहोचलाच. १६८५ मध्ये बाणावलीचे संत जुझे वाझ जुन्या गोव्यातील एका गोमंतकीय धर्मगुरूंच्या मंडळीत सामील झाले आणि त्यांनी तिला नेरींच्या मंडळीच्या धर्तीवर आकार दिला. दोन वर्षांनी ते डचांच्या अमलाखालील श्रीलंकेत वेषांतर करून गेले. तेथे कॅथलिक धर्मगुरूंना बंदी होती आणि लोक वर्षानुवर्षे कुमसाराविना राहिले होते. रात्रीच्या अंधारात घरोघर जाऊन वाझ यांनी त्यांची कबुली ऐकली.