तुपुआ तामासेसे लेआलोफी

सामोआ बेटांवर गावाचा कारभार ‘मताई’ म्हणजे कुटुंबप्रमुख पाहतात. विस्तारित कुटुंब मताईची निवड करून त्याला पूर्वजांचे नाव पदवी म्हणून देते. १९०१ साली जन्मलेल्या लेआलोफी यांना ‘तुपुआ तामासेसे’ ही थोर पदवी लाभली. जास्वंदीचे कुंपण काढण्याच्या वादावरून न्यूझीलंडच्या प्रशासनाने त्यांना हद्दपार करून ती पदवी हिरावली. परंतु कुटुंबाने दिलेले नाव सरकारी हुकमाने पुसले गेले नाही. ‘माऊ’ या अहिंसक चळवळीचे ते नेते झाले. २८ डिसेंबर १९२९ रोजी आपिया येथे जमावाला शांत करताना त्यांना पोलिसांची गोळी लागली. सूड घेऊ नका, असे अनुयायांना बजावून दुसऱ्या दिवशी त्यांनी देह ठेवला. तीच पदवी धारण करणारे त्यांचे बंधू मेआओले १९६२ मध्ये स्वतंत्र सामोआचे संयुक्त राष्ट्रप्रमुख बनले.