हमीदा बानू : कुस्ती जिंकली, पण पावती मिळाली नाही

स्त्रीने पुरुषाला आखाड्यात चीतपट करावे, ही गोष्ट स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात बातमी होती, तशीच अनेकांच्या दृष्टीने अपमानही होती. या दोन्हींचा अनुभव घेतलेल्या मल्ल म्हणजे हमीदा बानू. भारतातील पहिल्या व्यावसायिक महिला कुस्तीगीर म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. १९८६ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा मात्र एकेकाळी त्यांच्या नावावर गर्दी खेचणाऱ्या महाराष्ट्रालाही त्यांचा विसर पडला होता.

हमीदा बानू यांचा जन्म १९२० च्या सुमारास उत्तर प्रदेशात झाला. स्त्रियांना आखाड्याची दारे बंद असलेल्या त्या काळात अलिगढचे सलाम पहिलवान यांच्याकडे त्यांनी कुस्तीचे धडे घेतले. १९४४ मध्ये मुंबईत गुंगा पहिलवान यांच्याशी त्यांची लढत ठरली, तेव्हा सुमारे २० हजार प्रेक्षक लोटले होते. प्रतिस्पर्ध्याच्या वाढत्या मागण्यांमुळे ती ऐनवेळी रद्द झाली आणि संतप्त जमावाने मैदानात मोडतोड केली.

१९५४ हे वर्ष त्यांच्या कारकिर्दीचा कळस ठरले. आपल्याला कुस्तीत हरवेल त्याच्याशी विवाह करीन, असे आव्हान त्यांनी फेब्रुवारीत दिले. पतियाळा आणि कोलकाता येथील मल्लांना त्यांनी नमवले. बडोद्यात छोटे गामा यांनी स्त्रीशी लढण्यास नकार देऊन माघार घेतली, तेव्हा त्यांच्या जागी आलेल्या बाबा पहिलवान यांना हमीदाबाईंनी अवघ्या १ मिनिट ३४ सेकंदांत अस्मान दाखवले. त्याच वर्षी मुंबईत रशियाच्या वेरा चिस्तिलिन यांनाही त्यांनी मिनिटभराच्या आत पराभूत केले.

वृत्तपत्रांनी त्यांना भरपूर जागा दिली. पण कशासाठी? ५ फूट ३ इंच उंची, १०८ किलो वजन, दररोज सुमारे साडेपाच लिटर दूध, किलोभर मटण, सहा अंडी, अर्धा किलो लोणी आणि बिर्याणीच्या दोन थाळ्या, असा त्यांच्या आहाराचा तपशील रंगवून छापला गेला. त्या दिवसाचे सहा तास सराव करीत, हेही छापले गेले. पण वाचकांच्या लक्षात राहिले ते दूध-बिर्याणी आणि विवाहाची पैज. पुरुष मल्लाचा खुराक हा त्याच्या तयारीचा भाग मानला जाई. हमीदाबाईंचा खुराक मात्र नवलाचा विषय ठरला.

आखाड्याबाहेरची लढाई अधिक अवघड होती. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली कुस्ती स्थानिक कुस्ती संघटनेच्या हरकतीमुळे रद्द झाली. एका पुरुष मल्लाला हरवल्यावर तर प्रेक्षकांनी त्यांच्यावर दगडफेक केली. बंदीविरुद्ध त्यांनी तत्कालीन मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागितली. बंदीमागे स्त्री-पुरुष भेद नसून, आयोजक त्यांच्यासमोर नावापुरते मल्ल उभे करतात अशा तक्रारी आल्याचे कारण त्यांना कळवण्यात आले.

व्यावसायिक कुस्तीत ठरवून लढती होत नसत, असे नाही. परंतु हमीदाबाईंची कोंडी वेगळीच होती. तोलामोलाच्या स्त्री मल्ल जवळपास नव्हत्या, म्हणून पुरुषांशी लढावे लागे. हरल्या असत्या तर स्त्री दुबळी असते हे सिद्ध झाले असते, आणि जिंकल्या की कुस्ती खोटी ठरे.

पुढे युरोपात लढण्याचा मनोदय त्यांनी जाहीर केला, पण ते घडले नाही. कुटुंबीयांच्या आठवणींनुसार, त्या परदेशी जाऊ नयेत म्हणून सलाम पहिलवान यांनी त्यांना मारहाण करून हातपाय मोडले. त्यानंतर हमीदाबाई आखाड्यातून दिसेनाशा झाल्या. कल्याणमध्ये दुधाचा व्यवसाय करीत आणि अडचणीच्या काळात रस्त्यालगत खाद्यपदार्थ विकून त्यांनी उरलेले आयुष्य काढले. त्यांच्या खुराकाचा हिशेब ठेवणाऱ्या वर्तमानपत्रांना या वर्षांची खबर नव्हती.

२००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये महिला कुस्तीचा समावेश झाला, २०१६ मध्ये साक्षी मलिकने रिओत कांस्यपदक मिळवले आणि २०२३ मध्ये सांगलीत महिलांसाठी स्वतंत्र महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. ४ मे २०२४ रोजी गुगलने हमीदा बानू यांचे चित्र आपल्या मुखपृष्ठावर झळकवले. जालना जिल्ह्यातील तीर्थपुरीसारख्या गावातून एखादी मुलगी आज कुस्तीकडे वळली, तर आपले बळ सिद्ध करण्यासाठी तिला पुरुषाला आव्हान देण्याची गरज उरलेली नाही. तिच्या विजयाची बातमी लिहिताना वजन आणि लग्नाआधी तिचा डाव लिहिला गेला, तर हमीदाबाईंना नाकारली गेलेली पावती उशिरा का होईना, मिळेल.