पालीच्या शोधातील पथिक : आचार्य धर्मानंद कोसंबी

गोमंतकातून घाट चढून कोल्हापुरास जी सारस्वत कुटुंबे आली, ती उदीम व चाकरी यांच्या निमित्ताने आली, आणि कुलदेवतेच्या दर्शनासाठी पुनः घाट उतरत राहिली. पोट आणि दैवत या दोन्ही कारणांवाचून, केवळ एका महापुरुषाची शिकवण मुळातून समजावी म्हणून काठमांडू, कोलंबो आणि ब्रह्मदेश गाठणारा पुरुष आपल्या ज्ञातीत विरळाच. आचार्य धर्मानंद दामोदर कोसंबी हे ते पुरुष होत.

त्यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ येथे झाला. वेलिंगच्या श्रीलक्ष्मीनृसिंहाचे मूळ स्थान ते हेच गाव. घरी माडांची बागाईत, शिक्षण जेमतेम मराठी शाळेपुरते, आणि पंधराव्या वर्षाच्या सुमारास विवाह. पुढील आयुष्य नारळांच्या हिशेबातच जावयाचे. परंतु ‘बालबोधमेवा’ या मासिकातील बुद्धचरित्र वाचनात आले आणि मन त्यातून निघेना. हे मासिक अमेरिकन मिशनऱ्यांचे. त्यांनी मुलांसाठी छापलेल्या मजकुराने एका सारस्वत तरुणास बुद्धाकडे वळवावे, हा योग मौजेचाच म्हणावयाचा.

१८९९ च्या डिसेंबरात त्यांनी घर सोडले. मागे पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी होती. गौरवलेखांतून ही गोष्ट एका वाक्यात उरकण्याचा प्रघात आहे. तो आम्हांस मान्य नाही. गौतमाने यशोधरेस सोडले ते राजवाड्यात. बाळाबाई राहिल्या त्या कर्त्या पुरुषावाचूनच्या घरात, आणि पती परत येईल की नाही हे सांगणारे कोणी नव्हते. धर्मानंदांच्या विद्येची किंमत प्रथम त्या माउलीने मोजली आहे.

पुण्यास डॉ. भांडारकरांचा आश्रय लाभला; पण तेथे ते फार रमले नाहीत. ग्वाल्हेरीवरून काशीस जाऊन अन्नछत्रातील अन्नावर त्यांनी व्याकरणाचा अभ्यास केला. कोणी तिकीट काढून दिले तर आगगाडी, नाही तर पाय, असा हा प्रवास होता. १९०२ मध्ये ते नेपाळात गेले. त्या काळी काठमांडूस गाडीरस्ता नव्हता. तराईचे अरण्य ओलांडून भीमफेडीवरून डोंगर चढावे लागत. एवढ्या श्रमाने गाठलेल्या त्या देशात बुद्धाच्या नावाखाली त्यांना जे दिसले, त्याने मात्र त्यांची घोर निराशा झाली. दुसरा कोणी तेथूनच गोव्यास परतला असता. धर्मानंद बुद्धगयेस गेले आणि तेथून, हिंदुस्थानच्या पार दुसऱ्या टोकास, सिंहलद्वीपास!

कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगलाचार्यांपाशी त्यांना अखेर पाली भाषा मिळाली. समुद्रगमन करावे की नाही यावरून ज्ञातीत तट पडण्याचे ते दिवस. हे तर श्रामणेर होऊन चीवर पांघरून बसले होते. पुढे ब्रह्मदेशात सगाईंगच्या डोंगरात ज्ञानतिलोक या जर्मन भिक्षूच्या संगतीत त्यांनी ध्यानाभ्यास केला. जर्मनीचा एक आणि साखवाळचा एक, असे दोघे त्या डोंगरात एकाच साधनेला बसले होते. तेथून परतल्यावर सारनाथ, कुशिनारा आदी स्थाने त्यांनी भिक्षूच्या वृत्तीने पाहिली.

१९०६ मध्ये, सुमारे सात वर्षांनी, चीवर उतरवून ते पुनः संसारात आले. कलकत्त्यास पाली शिकविण्याचे चांगल्या वेतनाचे काम चालून आले होते. तथापि महाराष्ट्रात राहून लेखन करावे, या अटीवर श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांनी देऊ केलेले दरमहा ५० रुपये त्यांनी पत्करले. घरधन्यास शोभेल असा हा व्यवहार नव्हे. पण मराठीत बौद्ध वाङ्मयाचा पाया त्यामुळेच घातला गेला. १९१० पासून हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘विसुद्धिमग्ग’ ग्रंथाच्या संपादनासाठी ते अनेकदा अमेरिकेस गेले. फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पाली शिकविली, मिठाच्या सत्याग्रहात कारावास भोगला, आणि १९३७ मध्ये परळच्या कामगार वस्तीत ‘बहुजनविहार’ काढला. ज्ञातीच्या स्मरणिकेत आपली गणना झालेली त्यांना रुचली असती, असे आम्हांस वाटत नाही. तरीही आमच्या मुलांनी हे चरित्र वाचावे, म्हणून ते येथे दिले.

शरीर थकल्यावर अन्नत्याग करून त्यांनी ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम आश्रमात देह ठेवला. ‘विसुद्धिमग्गा’ची हार्वर्डची आवृत्ती निघाली ती १९५० मध्ये, ती त्यांच्या दृष्टीस पडली नाही. पाली शिकण्यासाठी येथील विद्यार्थी सिंहलद्वीपास पाठवावे, ही आपली इच्छा मात्र त्यांनी महात्मा गांधींच्या कानी घातली होती.